कारला अलार्म बसवताय? आधी ठरवा, नेमकी कुठली चोरी थांबवायची आहे

दिवाळीत सोसायटीच्या आवारात एक सुतळी बॉम्ब फुटतो आणि पार्किंगमधल्या चार-पाच गाड्या एकदम कोकलायला लागतात. कुणी खिडकीतून डोकावतं का? नाही. वॉचमनसुद्धा जागचा हलत नाही. सगळ्यांना माहीत असतं, हा अलार्म उगाच वाजतोय, थोड्या वेळाने बंद होईल.

कारसाठी अलार्म घ्यायला दुकानात जाण्याआधी ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सायरन स्वतः चोराला अडवत नाही. तो ऐकून कुणीतरी येईल, आणि कुणी येईल या भीतीने चोर पळेल, एवढ्या भरवशावर तो चालतो. काही चोऱ्यांमध्ये हा भरवसा खरा ठरतो, काहींमध्ये अजिबात नाही. त्यामुळे “सगळ्यात चांगला अलार्म कोणता?” यापेक्षा “मला नेमकी कुठली चोरी थांबवायची आहे?” हा प्रश्न आधी सोडवला, तर पैसे योग्य ठिकाणी खर्च होतात.

अलार्म आणि इमोबिलायझर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

दुकानात आणि जाहिरातीत “सिक्युरिटी सिस्टम” हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

अलार्म म्हणजे दार, डिकी किंवा बॉनेट उघडलं, काचेला धक्का बसला, की आवाज करणारी यंत्रणा. इमोबिलायझर म्हणजे योग्य चावी नसेल तर इंजिन चालूच होऊ न देणारी यंत्रणा. चावीच्या डोक्यात एक छोटी चिप असते. चावी फिरवली की गाडीतला कॉम्प्युटर त्या चिपकडून कोड मागतो. कोड जुळला तरच इंजिन सुरू राहतं. म्हणूनच चावीवाल्याकडून नुसती पात कापून आणलेली डुप्लिकेट चावी अशा गाडीचं दार उघडते, पण गाडी चालू करू शकत नाही.

दोघांमधला फरक किती मोठा आहे, हे अमेरिकेने काही वर्षांपूर्वी अनुभवलं. २०२१-२२ मध्ये तिथे ह्युंदाई आणि किया या कंपन्यांच्या गाड्या चोरण्याची एक लाटच आली. चावी लावून चालू होणाऱ्या ठराविक मॉडेल्सना मोडायला फारसं काही लागत नाही, हे दाखवणारे व्हिडिओ टिकटॉकवर पसरले होते. कारण साधं होतं. त्या गाड्यांमध्ये इमोबिलायझरच नव्हता. तिथल्या विमा क्षेत्रातल्या एका संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार, २०१५ सालच्या मॉडेल्समध्ये इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांना इमोबिलायझर मूळचाच होता. या दोन कंपन्यांमध्ये हे प्रमाण फक्त २६ टक्के होतं.

शेजारच्या कॅनडात १ सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा होता, त्यामुळे तिथे ही युक्ती चालली नाही. शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांनी अमेरिकेतल्या सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर द्यायचं जाहीर केलं. त्यात दोन बदल होते. अलार्म ३० सेकंदांऐवजी १ मिनिट वाजणार होता, आणि चावी असल्याशिवाय गाडी चालू होणार नव्हती. खरं काम केलं ते दुसऱ्या बदलाने. याशिवाय अनेक शहरांत पोलिसांमार्फत साधी स्टिअरिंग लॉकही मोफत वाटली गेली.

यातून घ्यायचा धडा असा: गाडीला इमोबिलायझर नसेल, तर पहिला खर्च त्यावर करायचा. सायरन नंतर.

तुमच्या गाडीत आधीच काय आहे ते बघा

अनेकांना हे माहीतच नसतं. गाडीसोबत मिळालेलं पुस्तक उघडा किंवा सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. इमोबिलायझर असेल तर बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर चावी किंवा कुलपाचं चिन्ह असलेला छोटा दिवा दिसतो. मारुतीच्या माहितीपत्रकात “आय-कॅट्स” असं लिहिलेलं असतं, ते याच यंत्रणेचं नाव आहे.

अलार्मचं मात्र तसं नाही. अनेक मॉडेल्समध्ये कंपनीचा अलार्म फक्त वरच्या व्हेरिएंटला मिळतो. खालच्या व्हेरिएंटला सेंट्रल लॉकिंग असतं, रिमोट असतो, लॉक केल्यावर “टिक” असा आवाज येतो, इंडिकेटर लुकलुकतात. मालकाला वाटतं अलार्म आहे. प्रत्यक्षात नसतो.

तपासायची सोपी पद्धत आहे. काच खाली करून गाडीत बसा, दारं बंद करून रिमोटने लॉक करा, मिनिटभर थांबा आणि मग आतल्या हँडलने दार उघडा. हॉर्न किंवा सायरन वाजला तर अलार्म आहे. काहीच झालं नाही तर बहुधा नाही. मग सर्व्हिस सेंटरला विचारून खात्री करा.

चोरी चार प्रकारची, उपाय वेगवेगळे

१. काच फोडून बॅग पळवणं. लॅपटॉपची बॅग, पर्स, मोबाईल. हॉटेलबाहेर, लग्नाच्या हॉलच्या पार्किंगमध्ये, हायवेवरच्या धाब्यावर हे होतं. इथे दार उघडलंच जात नाही. फक्त काच फुटते आणि हात आत जातो. म्हणजे दाराच्या स्विचवर चालणारा अलार्म इथे गप्पच राहणार. यासाठी शॉक सेन्सर किंवा काच फुटल्याचा आवाज ओळखणारा सेन्सर लागतो. वर्दळीच्या ठिकाणी सायरनचा खरा उपयोग इथेच होतो, कारण चोराला लोकांचं लक्ष नको असतं. अर्थात सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सीटवर काहीही दिसेल असं न ठेवणं.

२. गाडीचे भाग काढून नेणं. चाकं, बॅटरी, आणि मारुती ईकोसारख्या गाड्यांचा सायलेन्सर. सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात, त्यासाठी ही चोरी होते. चोर गाडीच्या खाली शिरतो. दार, काच, बॉनेट कशालाच हात लागत नाही. इथे टिल्ट सेन्सर उपयोगी पडतो. जॅक लावून गाडी थोडी जरी कलली, तरी तो सायरन वाजवतो. टो करून गाडी उचलून नेण्याचा प्रयत्न झाला, तरीही हाच सेन्सर जागा होतो. पण ईकोसारखी गाडी जमिनीपासून पुरेशी उंच असेल तर जॅकची गरजही पडत नाही. म्हणून सायलेन्सरभोवती लोखंडी जाळी किंवा गार्ड बसवणं जास्त भरवशाचं.

३. जुनी गाडी सरळ चालू करून पळवणं. इमोबिलायझर नसलेल्या जुन्या गाड्यांना हा धोका सगळ्यात जास्त. उपाय: बाहेरून बसवायचा इमोबिलायझर आणि जोडीला गिअर लॉक किंवा स्टिअरिंग लॉक.

४. नवी गाडी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पळवणं. इथे चोर कुलूप तोडत नाही, गाडीला फसवतो. महागड्या एसयूव्ही अशाच जातात. याबद्दल पुढे सविस्तर बघू.

तुमची गाडी कुठली, ती रात्री कुठे उभी असते आणि आत काय असतं, यावरून या चारपैकी तुमचा धोका कोणता ते ठरतं. सोसायटीच्या बंद पार्किंगमधली नवी हॅचबॅक आणि रस्त्याकडेला उभी असलेली व्यवसायाची ईको, या दोघींना एकच अलार्म कसा चालेल?

सेन्सर घेताना काय बघायचं

दार, बॉनेट आणि डिकी या तिन्हींना स्विच हवेत. स्वस्तातल्या किटमध्ये अनेकदा बॉनेटचा स्विच बसवतच नाहीत. मग चोर बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढतो आणि सायरन मुका होतो. याच कारणासाठी स्वतःची छोटी बॅटरी असलेला सायरन मिळतो. मुख्य बॅटरी काढली तरी तो वाजत राहतो. थोडे पैसे जास्त गेले तरी हा घ्यावा.

शॉक सेन्सरची संवेदनशीलता कमी-जास्त करता येते का, हे नक्की विचारा. ढोल-ताशा, फटाके, शेजारून जाणारा डंपर, सीटवर चढलेलं मांजर, या सगळ्यांना उत्तर देणारा अलार्म काही कामाचा नाही. चांगल्या सेन्सरमध्ये दोन टप्पे असतात. हलका धक्का बसला तर दोन-तीन बीप, जोराचा बसला तर पूर्ण सायरन.

गाडीच्या आत हालचाल झाली की वाजणारे अल्ट्रासॉनिक सेन्सरही असतात. पण काच थोडी उघडी राहिली किंवा आरशाला लटकवलेली माळ हलली, तरी ते फसू शकतात. गाडीत कधी लहान मूल किंवा पाळीव प्राणी ठेवून लॉक करू नये, हे तर वेगळं सांगायलाच नको.

सायरन किती वेळ वाजतो हेही महत्त्वाचं. युरोपातल्या नियमांनुसार कारचा सायरन एकदा वाजला की २५ ते ३० सेकंदांत थांबायला हवा. आपल्याकडे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. कारचा सायरन त्याच्या दुपटीहून जास्त डेसिबलचा असतो. आपोआप न थांबणारा अलार्म घेतलात, तर चोराच्या आधी शेजारी तुमच्या दारात येतील.

रिमोट: एकतर्फी की दुतर्फी, आणि कोड कसला

साधा रिमोट गाडीला फक्त आज्ञा देतो. दुतर्फी रिमोट गाडीकडून निरोपही घेतो, म्हणजे अलार्म वाजला की तुमच्या हातातला रिमोट थरथरतो. गाडी आठव्या मजल्यावरच्या घरातून ऐकू येणार नसेल तर याचा उपयोग आहे. पण बेसमेंट पार्किंगमधून निरोप घरापर्यंत पोहोचतो का, ते बसवण्याआधी तपासून घ्या.

त्याहून महत्त्वाचा आहे कोड. जुन्या, स्वस्त रिमोटमध्ये कायम तोच कोड हवेतून जातो. तो एकदा टिपला की पुन्हा वापरता येतो. “रोलिंग कोड” असलेल्या रिमोटमध्ये प्रत्येक वेळी कोड बदलतो. आज रोलिंग कोड नसलेला अलार्म घेऊच नये.

तरीही एक सवय लावून घ्या. रिमोट दाबल्यावर हँडल ओढून बघा. चोर जॅमर लावून तुमचा सिग्नल अडवू शकतात. तुम्ही बटण दाबून निघून जाता आणि गाडी उघडीच राहते. २०१५ मध्ये सॅमी कामकार या अमेरिकन संशोधकाने “रोलजॅम” नावाचं एक छोटं उपकरण दाखवलं होतं. साधारण ३२ डॉलरच्या सुट्या भागांतून बनलेलं ते उपकरण सिग्नल अडवायचं आणि रोलिंग कोडही साठवून ठेवायचं. बिनचूक असं कुलूप नसतंच, पण चोराचं काम अवघड नक्की करता येतं.

खिशात चावी ठेवून उघडणाऱ्या गाड्या

पुश बटण असलेल्या गाडीत चावी खिशातून काढावी लागत नाही. गाडी आणि चावी एकमेकींशी रेडिओवरून बोलतात. चावी जवळ आहे असं गाडीला वाटलं की दार उघडतं. चोर नेमका याच समजुतीचा फायदा घेतात. एकजण घराच्या दाराजवळ उपकरण घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. आत टेबलावर पडलेल्या चावीचा सिग्नल पुढे पाठवला जातो आणि गाडी उघडते, चालूही होते. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्येच ८ कंपन्यांच्या १० गाड्यांवर हा प्रयोग केला होता. दहाच्या दहा गाड्या फसल्या.

इथे कंपनीचा अलार्म वाजत नाही, कारण गाडीच्या दृष्टीने मालकच आलेला असतो. मग उपाय काय?

• चावी घरात सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये किंवा धातूच्या घट्ट डब्यात ठेवा. आणि एकदा तपासा: डब्यातली चावी गाडीजवळ नेल्यावर दार उघडतंय का?

• गाडीच्या सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येते का, ते सर्व्हिस सेंटरला विचारा.

• बाहेरून अलार्म किंवा इमोबिलायझर बसवणार असाल, तर तो स्वतःच्या वेगळ्या रिमोटने किंवा पिनने बंद होणारा घ्या. कंपनीच्या चावीनेच बंद होणारा घेतला, तर गाडी फसली की तोही फसेल.

• स्टिअरिंग किंवा गिअरचं लोखंडी लॉक लावा. रेडिओ सिग्नलने ते उघडत नाही.

दुसरी पद्धत ओबीडी पोर्टची आहे. डॅशबोर्डखाली मेकॅनिक ज्या सॉकेटला मशीन लावून गाडी तपासतात, त्याच सॉकेटमधून नवी चावी “शिकवता” येते. काच फोडून आत शिरलेला चोर हे करू शकतो. त्या सॉकेटवर बसवायचं धातूचं कुलूप बाजारात मिळतं. महागडी एसयूव्ही असेल तर हा छोटा खर्च करावा.

बसवून कोण देतंय, यावर अर्धं यश

चांगला अलार्म वाईट हातांनी बसवला तर तो गाडीचं नुकसान करतो. आजच्या गाडीत दार, लाइट, इंजिन हे सगळे भाग एकमेकांशी बारीक वायरींच्या जाळ्यातून बोलतात. तिथे वायर कापून, पीळ मारून, वर टेप गुंडाळला की कधीतरी शॉर्टसर्किट होतं किंवा डॅशबोर्डवर नको ते दिवे लागतात. शिवाय कापलेल्या वायरींमुळे बिघाड झाला असं कंपनीने म्हटलं, तर त्या भागाची वॉरंटी हातातून जाऊ शकते.

म्हणून तुमच्या मॉडेलसाठीचं कपलर असलेलं किट मागा. त्यात वायर कापावी लागत नाही, जोडणी मूळच्या सॉकेटमध्ये बसते. गाडी वॉरंटीत असेल तर शोरूमकडून कंपनीची ॲक्सेसरी घेणं महाग पडलं तरी सुरक्षित. आणि इंजिन बंद पाडणारा स्वस्त रिले कधीही बसवून घेऊ नका. धावत्या गाडीत तो बिघडला तर घाटात किंवा हायवेवर इंजिन अचानक बंद पडेल. गाडी थांबलेली असतानाच काम करणारी यंत्रणा हवी.

बॅटरीचा हिशोब

अलार्म चोवीस तास जागा असतो आणि थोडी वीज खात राहतो. समजा तो २० मिलिअँपिअर खातो आणि गाडीची इतर यंत्रणा आणखी २०. मिळून ४० मिलिअँपिअर. दिवसाला साधारण १ अँपिअर-तास, महिन्याला सुमारे २९. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची असते. म्हणजे महिनाभर उभी राहिलेली गाडी चालू होणं कठीण. गाडी गावी ठेवून मुंबईत राहणाऱ्यांनी किंवा मुलांकडे परदेशी जाणाऱ्यांनी हा आकडा दुकानदाराला आधी विचारावा.

जीपीएस ट्रॅकर अलार्मची जागा घेतो का?

नाही. ट्रॅकर चोरी थांबवत नाही, गाडी कुठे आहे ते सांगतो. तेही त्यातलं सिम चालू असेल, रिचार्ज संपलेलं नसेल आणि चोराने जॅमर लावला नसेल तर. बेसमेंटमध्ये तो आंधळा होतो. पण गाडी परत मिळण्याची शक्यता तो वाढवतो, म्हणून अलार्मच्या जोडीला चांगला. तो ओबीडी सॉकेटमध्ये लटकवू नका, चोर आधी तिथेच बघतो. तुमच्या गाडीत कंपनीचं कनेक्टेड ॲप असेल तर आधी त्याची मुदत तपासा. सुरुवातीची मोफत वर्षं संपल्यावर अनेकजण नूतनीकरण करायचं विसरतात.

इन्शुरन्समध्ये फायदा होतो का?

मोटर विम्याच्या जुन्या टॅरिफमध्ये एक तरतूद आहे. पुण्याच्या एआरएआय या संस्थेची मान्यता असलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं आणि ऑटोमोबाइल असोसिएशनचं प्रमाणपत्र घेतलं, तर ओन डॅमेज प्रीमियमवर २.५ टक्के सवलत, जास्तीत जास्त ५०० रुपये. आता या प्रीमियमचे दर कंपन्या स्वतः ठरवतात, त्यामुळे तुमची कंपनी किती देते ते विचारून घ्या. १२,००० रुपयांच्या प्रीमियमवर २.५ टक्के म्हणजे ३०० रुपये. फक्त सवलतीसाठी अलार्म घेण्यात अर्थ नाही.

त्याहून मोठी गोष्ट: तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर गाडी चोरीला गेल्यावर एक रुपयाही मिळणार नाही. पॅकेज पॉलिसी असेल तरी दाव्याच्या वेळी कंपनी एफआयआर, पोलिसांचा शोध न लागल्याचा अहवाल आणि गाडीच्या दोन्ही चाव्या मागते. दुसरी चावी आजच कुठे आहे ते बघून ठेवा. गाडीत तर ती नक्कीच ठेवू नका.

दुकानात विचारायचे आठ प्रश्न

१. यात इमोबिलायझर आहे, की फक्त सायरन?

२. बॉनेट आणि डिकीचे स्विच किटमध्ये आहेत का?

३. शॉक सेन्सर कमी-जास्त करता येतो का? टिल्ट सेन्सर जोडता येतो का?

४. सायरनला स्वतःची बॅटरी आहे का?

५. रिमोटला रोलिंग कोड आहे का? रिमोट हरवला तर काय करायचं?

६. माझ्या मॉडेलचं कपलर आहे, की वायर कापणार?

७. बंद गाडीत हे किती मिलिअँपिअर खातं?

८. एआरएआयची मान्यता आहे का? बिलावर मॉडेल नंबर आणि बसवल्याची तारीख लिहून देणार का?

या प्रश्नांना “साहेब, काळजीच करू नका” एवढंच उत्तर मिळालं, तर दुसरं दुकान बघा.

खर्चाचा क्रम

पैसे थोडेच असतील तर क्रम असा ठेवा. आधी इमोबिलायझर आहे याची खात्री. मग डोळ्यांना दिसणारं स्टिअरिंग किंवा गिअर लॉक, कारण ते पाहूनच अनेक चोर पुढच्या गाडीकडे वळतात. त्यानंतर तुमच्या धोक्याला साजेसे सेन्सर असलेला अलार्म, आणि शेवटी ट्रॅकर. आणि अलार्म उगाच वाजायला लागला की लगेच दुरुस्त करून घ्या. दोनदा खोटा वाजलेला अलार्म तिसऱ्यांदा खरा वाजला, तरी बघायला कुणी येत नाही.